डोळसाचें ऋण

एखादी अपूर्व गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडते तेव्हां ती आपण कोणाकरितां पाहतों? हा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं मला कोणीं विचारला असता तर मीं तो हंसण्यावारी नेला असता. डोळे माझे, पाहणारा मी, आणि पाहून होणारा आनंदहि माझाच. त्यांत दुसऱ्याचा वांटा तो कोणता, असें उत्तर मीं दिलें असतें. परंतु ता. १४ जुलै २०२३ रोजीं दुपारीं पुलिकत सरोवराच्या कांठीं जें घडलें त्यानंतर हें उत्तर माझ्या तोंडून निघेनासें झालें आहे. आयुष्याचीं तीस वर्षें तर्क आणि नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला नीतींतला एक साधा मुद्दा पन्नाशी उलटल्यावर, आणि तोहि गर्दींत उन्हांत उभें राहून कळावा, ह्यांत थोडी नामुष्की आहे. ती पत्करून लिहितों.

त्या दिवशीं चांद्रयान-३ घेऊन जाणारा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून सुटावयाचा होता, आणि तो पाहावयास आम्ही तिघे मित्र नागपुराहून गेलों होतों. मी, आमचे वकीलसाहेब आणि अण्णासाहेब. तिघांत अण्णासाहेब वडील. त्यांनीं जन्मभर पदार्थविज्ञान शिकविलें, आणि महाविद्यालयाच्या गच्चीवर दुर्बीण मांडून शनीचीं कडीं किती मुलांना दाखविलीं असतील त्याची गणती नाहीं. त्यांचें बालपण बल्लारपुरास कोळशाच्या खाणींच्या शेजारीं गेलें. १९६९ च्या जुलै महिन्यांत चंद्रावर माणूस उतरला तेव्हां ते बारा वर्षांचे होते. ती वार्ता त्यांनीं २१ तारखेच्या सकाळीं शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली आणि त्या दिवसापासून चंद्र त्यांच्या मागें लागला. वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही तिघे लोणारला गेलों होतों. अवकाशांतून आदळलेल्या पाषाणानें काळ्या खडकांत पाडलेलें तें सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचें विवर. चंद्रावरचीं काळीं मैदानेंहि असल्याच खडकाचीं, म्हणून चंद्राचे अभ्यासक ह्या विवराची त्याच्याशीं तुलना करीत असतात. त्या विवराच्या कडेवर उभे राहून अण्णासाहेब म्हणाले होते, ‘चंद्र बघायचा तर रात्रीची वाट कशाला पाहतां? बुलढाण्याची गाडी धरा कीं!’

ह्याच माणसाच्या डोळ्यांना पुढें काचबिंदु झाला. काचबिंदु हा मोठा कावेबाज रोग आहे. मोतीबिंदु निदान समोर पडदा धरून आपली वर्दी देतो. हा कडेकडेनें खात येतो, आणि रोग्यास संशय येईपर्यंत दृष्टीचा बराच प्रांत त्याच्या ताब्यांत गेलेला असतो. जी नस मेली ती औषधानें उठत नाहीं. २०१९ सालीं चांद्रयान-२ गेलें तेव्हां अण्णासाहेबांस अजून मधलें थोडेंसें दिसत असे. २०२३ उजाडेपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला होता. तरीहि प्रयाणाची तारीख जाहीर होतांच त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं मी येणार. त्यांची मुलगी काकुळतीनें म्हणाली, ‘बाबा, पाहायला?’ त्यावर ते म्हणाले, ‘जायला.’

श्रीहरिकोटा हें बंगालचा उपसागर आणि पुलिकत सरोवर ह्यांच्यामध्यें पडलेलें लांबट बेट आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हां पूर्वेकडे सुटणाऱ्या अग्निबाणाला तिच्या गतीचा फुकटचा धक्का मिळतो. शिवाय पुढें समुद्र असल्यामुळें गळून पडणारे भाग कोणाच्या घरावर कोसळत नाहींत. लोकांना बसून पाहतां यावें म्हणून तेथें २०१९ पासून प्रेक्षकांसाठीं सज्जा केलेला आहे, पण आम्ही नांवें नोंदवावयास बसलों तोंवर त्यांतील जागा संपल्या होत्या. निरुपायानें सुळ्ळूरपेटेकडील बाजूस, सरोवराच्या कांठीं, रस्त्याच्या कडेला जेथें इतर शेंकडों लोक उभे होते तेथें आम्हीहि ठाण मांडलें. हेंच पुढें महत्त्वाचें ठरलें, कारण तेथून अग्निबाणाचें ठाणें सुमारे १५ किलोमीटर दूर पडत होतें.

आदल्या दिवशीं गाडींत अण्णासाहेबांनीं तोंडीं हिशेब केला होता. अग्निबाणाची उंची साडेत्रेचाळीस मीटर, वजन ६४० टन. १५ किलोमीटरांवरून ही उंची आकाशांत किती दिसेल? ‘पूर्ण चंद्राच्या थाळीच्या एक तृतीयांश,’ ते म्हणाले, आणि एवढ्यानें लहान मुलासारखे खूष झाले. मग दुसरा हिशेब. उजेड पोंचायला वेळ नाहीं म्हटलें तरी चालेल. आवाज मात्र जुलैच्या उष्ण हवेंत सेकंदाला ३५० मीटरांच्या चालीनें येणार, म्हणजे त्याला सुमारे त्रेचाळीस सेकंद लागणार. क्षणभर थांबून ते मला म्हणाले, ‘प्रोफेसर, तुमचें यान आधीं जाईल, माझें मागाहून. मधल्या पाऊण मिनिटांत मात्र तुम्ही मला सांगत राहा.’ मीं अर्थातच होकार दिला. असल्या होकाराला काय पडतें?

येथें मला माझ्या व्यसनाविषयीं सांगितलें पाहिजे. विद्यार्थिदशेपासून मला छायाचित्रणाचा नाद आहे. छत्तीस चित्रांच्या फिल्मच्या काळांत बटण दाबण्यापूर्वीं खिशाकडे पाहावें लागे, त्यामुळें नादाला लगाम होता. आतां तोहि राहिला नाहीं. त्या प्रवासासाठीं मीं एका विद्यार्थ्याकडून लांब पल्ल्याचें भिंग मागून आणलें होतें, तिकाटणें माझें स्वतःचें होतें. नागपुरास आम्ही रोज संध्याकाळीं अंबाझरीच्या तलावावर फिरावयास जातों. त्याच अंबाझरीच्या कारखान्यांत पिनाक नांवाचे युद्धोपयोगी अग्निबाण तयार होतात, आणि एकाच विद्येचीं हीं दोन अपत्यें एकमेकांना कशीं ओळखतात, ह्यावर मीं एक निबंधहि योजून ठेवला होता. माझें छायाचित्र त्या निबंधाबरोबर छापावयाचें होतें. तो निबंध लिहून झाला नाहीं. त्याच्या जागीं हा लिहावा लागला.

दुपारीं दोनपासून गर्दी दाटली. बसगाड्यांच्या टपांवर मुलें चढलीं होतीं. ताकवाले, शेंगदाणेवाले हिंडत होते. आमच्या उजव्या हाताला एक तेलुगु बाई तीन-चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. आकाशांत विरळ ढग होते, सरोवराचें पाणी उन्हांत शिशासारखें दिसत होतें. कोणाच्या तरी मोबाइलवर उलटी मोजणी चालली होती. वकीलसाहेबांनीं अण्णासाहेबांचे खांदे धरून त्यांचें तोंड बरोबर त्या दिशेला वळवून दिलें आणि मी माझा डोळा भिंगाला लावला.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनीं क्षितिजाच्या रेषेवर एक ठिणगी पडली आणि ती विझली नाहीं. ती वर उचलली गेली. तिच्याखालीं पांढऱ्या धुराचा खांब वाढूं लागला. आणि हें सगळें निःशब्द. गर्दींतून जो काय हुंकार उठला तेवढाच. मीं बटण दाबलें तें दाबलेंच. चौकटीच्या मध्यावर अग्निबाण राहतो कीं नाहीं, प्रकाश अधिक होतो कीं काय, धुराचा खांब पुरा येतो कीं कापला जातो, ह्या विवंचनेंत मी गढून गेलों. माझ्या कोपराला स्पर्श झाला. अण्णासाहेब विचारीत होते, ‘निघालें का?’ मला तें ऐकूं आलें. मला ऐकूं आलें नाहीं असें मीं पुढें दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलें, पण तें खरें नाहीं. मला स्वच्छ ऐकूं आलें, आणि मीं एकच शब्द बोललों: ‘थांबा.’

मग आवाज आला. तो प्रथम पायांना कळला, नंतर कानांना. कापड फाटावें तसा, पण आभाळाएवढें कापड. अण्णासाहेबांनीं दोन्ही हात पुढें केले आणि ज्या दिशेनें आवाज येत होता तिकडे, म्हणजे क्षितिजाकडे, तोंड केलें. तेथें आतां कांहीं नव्हतें. अग्निबाण केव्हांच डोक्याएवढा वर जाऊन पूर्वेला कलला होता, आणि थोड्याच वेळांत एका ढगाआड गेला. आम्ही सारे वर पाहत होतों आणि अण्णासाहेब एकटे समोर पाहत होते.

परत येतांना वकीलसाहेबांनीं मला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. त्यांचें म्हणणें असें कीं दोष त्या यंत्राचा आहे. ज्याला कॅमेरा लागला त्याला पाहतां येत नाहीं, तो फक्त जमा करतो. ह्यावर मीं बचाव मांडला, आणि तो मला आजहि सर्वस्वीं पोकळ वाटत नाहीं. छायाचित्र हेंहि एक सांगणेंच आहे. फरक इतकाच कीं तें उद्यांच्या माणसाला सांगतें. थुंब्याहून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुटला. त्या आरंभीच्या वर्षांत अग्निबाणाचें टोक सायकलच्या मागें ठेवून दोघे जण चालत नेत आहेत, असें एक छायाचित्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तें त्या वेळीं कोणीं टिपलें नसतें तर त्या सायकलीवर आज कोणीं विश्वास ठेवला असता? उलट पक्षीं, हेंहि कबूल केलें पाहिजे कीं अमेरिकेंत केप कॅनाव्हेरलहून १९५० च्या जुलैंत पहिला अग्निबाण सुटला त्याचें जें प्रसिद्ध छायाचित्र आहे त्यांत पुढें छायाचित्रकारच गोळा झालेले दिसतात. माझा बचाव ऐकून घेऊन वकीलसाहेब म्हणाले, ‘उद्यांच्या हजारांशीं तुमचा करार नव्हता. शेजारच्या एकाशीं होता.’

ते वकील खरे, पण ह्या खटल्यांत त्यांचेहि हात स्वच्छ नव्हते. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, तरी त्या पाऊण मिनिटांत त्यांच्याहि तोंडून अक्षर निघालें नाहीं. मीं तसें म्हणून दाखविल्यावर ते ओशाळले आणि म्हणाले, ‘मला भानच राहिलें नाहीं हो.’ येथें मला वाटतें खरी ग्रंथि आहे. दोघेहि मुके राहिलों, परिणाम एकच, मग दोघांचा अपराध सारखा कीं नाहीं? परिणामावरून नीति मोजणारे पंडित सारखाच म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. वकीलसाहेबांची वाचा विस्मयानें हरण केली होती, आणि विस्मयानें मुका झालेला माणूस जवळजवळ झोपलेल्या माणसाइतकाच निरपराध असतो. माझी गोष्ट वेगळी. मला विस्मय झालाच नव्हता. मी पूर्ण शुद्धीवर होतों, हिशेबांत होतों, कामांत होतों. ‘थांबा’ हा शब्द भान हरपलेल्या माणसाच्या तोंडून येत नाहीं. तो कचेरींतल्या कारकुनाचा शब्द आहे. विस्मय मला झाला तो नागपुरास येऊन पडद्यावर छायाचित्रें पाहूं लागलों तेव्हां, म्हणजे तीन दिवसांनीं, आणि एकट्याला.

अंध आणि डोळस ह्यांच्या ह्या नात्याचा विचार करूं लागलें कीं आपल्याकडे संजय आठवणें अपरिहार्य आहे. व्यासांनीं युद्धाआधीं धृतराष्ट्राला दृष्टि देऊं केली; कुलाचा संहार पाहवणार नाहीं म्हणून त्यानें ती नाकारली; तेव्हां व्यासांनीं दिव्य दृष्टि संजयाला दिली. ही दृष्टि संजयाला त्याच्या कोणत्या पुण्याईचें फळ म्हणून मिळालेली नव्हती. दुसऱ्याला सांगावयाचें ह्याच अटीवर ती त्याच्या स्वाधीन झाली होती. ती मुळीं त्याची नव्हतीच, धृतराष्ट्रासाठीं ठेवलेली ठेव होती. लोकांची अशी समजूत आहे कीं संजय राजवाड्यांत बसल्या बसल्या रणांगणाचें वर्णन करीत होता. मूळ ग्रंथांत पाहिलें तर तो दहाव्या दिवशीं, भीष्म शरपंजरीं पडल्यावर, रणांगणावरून परत येतो, आणि मग मागची कथा सांगतो. हें आठवल्यावर मला क्षणभर मोठा आधार वाटला. संजयानेंहि दहा दिवस उशीर केला. मग मीं चार दिवसांनीं छायाचित्र नेऊन दाखविलें तर काय बिघडलें? परंतु ही पळवाट टिकली नाहीं. धृतराष्ट्र हस्तिनापुरांत होता; तो संजयाच्या कोपराला हात लावून ‘निघालें का?’ असें विचारीत नव्हता. आणि छायाचित्र दाखवावयाचें तें कोणाला?

जो साक्षात् पाहतो तो साक्षी, अशी ह्या शब्दाची व्यवस्था पाणिनीनें लावून दिली आहे. आमच्या तत्त्वज्ञानांत ह्या साक्षीला फार मोठें स्थान मिळालें. सांख्यांचा पुरुष कांहीं करीत नाहीं, नुसता पाहतो. उपनिषदांतल्या एकाच झाडावरच्या दोन पांखरांपैकीं एक फळ खातें आणि दुसरें पाहत राहतें, व श्रेष्ठत्व पाहणाऱ्याला आहे. हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों आणि सांगतांना माझ्या मनाला एक प्रकारची प्रतिष्ठा वाटत आली. परंतु ह्याच शब्दाचें दुसरें घर न्यायालयांत आहे, आणि तेथें नुसत्या पाहण्याला कवडीची किंमत नाहीं. जो पाहतो आणि बोलत नाहीं तो तेथें साक्षीदार नव्हे. त्याला समन्स काढून बोलतें करतात. हीं दोन्ही घरें एकाच शब्दाचीं कशीं, ह्याचा मीं कधीं विचार केला नव्हता. आत्म्याच्या बाबतींत मौन साक्षी श्रेष्ठ असेल, नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु पुलिकतच्या कांठीं मी आत्मा म्हणून गेलों नव्हतों. दोन चांगले डोळे असलेला एक मित्र म्हणून मला नेलें होतें.

कोणी म्हणेल, एवढ्या क्षुल्लक गोष्टीचें एवढें अवडंबर कशाला? कोणाचें कांहीं नुकसान झालें का? ह्या म्हणण्यांत तथ्य आहे हें मला मान्य आहे, आणि अण्णासाहेब स्वतः ह्याच मताचे आहेत. परंतु मोठे विश्वासघात करण्याची संधि आमच्यासारख्या पांढरपेशांच्या वांट्याला येतच नाहीं. आमचा सगळा हिशेब ह्या चिल्लर खुर्द्यांतच व्हावयाचा असतो.

गाडी पहांटे बल्लारशाहच्या अलीकडे आली तेव्हां अण्णासाहेब जागे होऊन खिडकीशीं बसले होते. मीं धीर करून विषय काढला आणि क्षमा मागितली. ते हंसले. म्हणाले, ‘अहो, मला सगळें कळलें. ती बाई सांगत होती ना.’ मला उमगेना. तेव्हां त्यांनीं उलगडा केला. आमच्या उजव्या हाताची ती तेलुगु बाई कडेवरच्या मुलाला एकसारखी सांगत होती: चूडु, चूडु, पैकि पोतोंदी. बघ, बघ, वर चाललंय. बल्लारपुरास खाणकामगारांच्या पोरांत खेळून अण्णासाहेबांना लहानपणीं जी तेलुगु येत होती, ती पन्नास वर्षांनंतर त्यांच्या उपयोगी पडली. धूर आतां झाडाएवढा झाला. आतां वांकडें झालें. आतां ढगाला टेंकलें. असें तिनें त्यांना, त्यांना म्हणजे अर्थात् तिच्या मुलाला, अथपासून इतिपर्यंत सांगितलें. आवाज आला तेव्हां मूल रडूं लागलें म्हणून ती थांबली. ‘तोंवर माझें यान आलेंच होतें,’ अण्णासाहेब म्हणाले.

ह्या माहितीनें मला बरें वाटावयास हवें होतें. वाटलें नाहीं.

२३ ऑगस्टच्या संध्याकाळीं आम्ही अण्णासाहेबांच्या घरीं जमलों. २०१९ च्या ७ सप्टेंबरला पहांटे ह्याच दिवाणखान्यांत आम्ही चांद्रयान-२ च्या अवतरकाचा संपर्क तुटतांना पाहिला होता, म्हणून कोणीं पेढे आणले नव्हते. मी कॅमेरा घरीं ठेवून गेलों होतों. टेलिव्हिजनवर चंद्र कोठें दिसत नव्हता; काल्पनिक चित्रें आणि आंकडे एवढेंच होतें. तीस किलोमीटर उंचीवरून उतरण्यास आरंभ झाला तेव्हांपासून मी ते आंकडे मोठ्यानें वाचूं लागलों. उंची इतकी, वेग इतका, वेग कमी झाला, आतां स्थिर, आतां पुन्हां खालीं. माझ्या वाचण्याला इतकी घाई झाली कीं अण्णासाहेबांच्या नातीनें मला दोनदां ‘आजोबा, हळू’ म्हणून बजावलें. शेवटच्या कांहीं मीटरांत माझा आवाज फुटेना, तेव्हां आंकडे तिनें वाचले. सहा वाजून चार मिनिटांनीं यान उतरलें. वकीलसाहेब रस्त्याच्या कोपऱ्यावरून पेढे आणावयास धांवले.

त्या दुपारच्या सत्तरएक छायाचित्रांतून एक बरें निघालें. अण्णासाहेबांनीं तें मोठें करून मागून घेतलें आणि दिवाणखान्यांत लावलें आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्याच्यासमोर उभें करून वर्णन सांगतात, आणि मी तेथें असलों तर मलाहि ऐकावें लागतें. माझ्या चित्रांत ज्वाळा पांढरीफेक आली आहे. प्रकाश अधिक झाला होता. परवां एका पाहुण्यांना मीं ती पांढरी असल्याचें सांगितलें तेव्हां अण्णासाहेबांनीं मला तेथल्या तेथें दुरुस्त केलें. ती पांढरी नव्हती. त्या बाईनें ती पसुपु, म्हणजे हळदीसारखी, म्हणून सांगितली होती.